पंधरा वॉट आणि थर्ड शिफ्ट

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी अकरा वाजता दारावरची बेल वाजली. खरं तर बराच वेळ वाजत असावी. आतल्या खोलीत माझी इलेक्ट्रिक गिटार चालू असली की बेल, कुकर, आईच्या हाका, काहीच ऐकू येत नाही. दार उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या वहिनी.

"दादा, ह्यांची थर्ड शिफ्ट चालू आहे. आत्ताच डोळा लागला होता. जरा हळू वाजवाल का?"

मी सॉरी म्हणालो, अ‍ॅम्प बंद केला आणि मग मनातल्या मनात वाद घालत बसलो. अहो, सकाळचे अकरा! कायद्याची रात्र दहा ते सहा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आणि हे चिकलठाणा आहे राव, शेजारी एमआयडीसी, डोक्यावरून विमानं. इथे माझ्या एका गिटारचं काय घेऊन बसलात? म्हणून मोबाईलवर डेसिबल मोजणारं अ‍ॅप टाकलं आणि अ‍ॅम्पसमोर एक कॉर्ड वाजवली. १०३. मोबाईलचं माप काही प्रयोगशाळेतलं नव्हे, पण वाद तिथेच संपला.

आता तुम्ही म्हणाल, मग आवाज कमी कर की, बटण कशाला दिलंय? गोची तिथेच आहे. माझा अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा, सेकंडहँड, १५ वॉटचा. त्यात दोन ईएल८४ व्हॉल्व्ह आहेत. आजोबांच्या पिढीच्या कित्येक रेडिओंमध्ये स्पीकर चालवायला हाच व्हॉल्व्ह असायचा. चालू केला की अर्धा मिनिट तापायला लागतो, मग काचेत नारिंगी उजेड दिसतो. असा अ‍ॅम्प हळू वाजवला तर सूर स्वच्छ येतो, पण सपक. आवाज वाढवत नेला की व्हॉल्व्ह त्याच्या मर्यादेला पोचतो आणि सूर कडेने फाटायला लागतो. तार हळू छेडली तर गोड, जोरात छेडली तर गुरगुरतो. त्या गुरगुरण्यासाठीच तर लोक वेडे होतात.

ही यंत्रं मुळात घरासाठी बनलेलीच नाहीत. पन्नास-साठच्या दशकांत हॉलमध्ये आजच्यासारख्या मोठ्या साऊंड सिस्टीम नव्हत्या, ओरडणाऱ्या पब्लिकच्या वर गिटार ऐकू यायची तर ती अ‍ॅम्पच्याच जोरावर. बीटल्सवाले व्हॉक्सचा एसी३० वापरायचे, त्यात चार ईएल८४. पुढे १९६५ च्या सुमारास द हू बँडच्या पीट टाउनशेंडला तेवढंही पुरेना, म्हणून मार्शलने १०० वॉटचा अ‍ॅम्प काढला. आणि आपण ते प्रकरण आणून ठेवतो टू बीएचकेच्या बेडरूममध्ये, कपाट आणि इस्त्रीच्या टेबलाच्या मधोमध!

बरं, १५ ऐवजी दीड वॉटचा घेतला तर? दहापट कमी वॉट म्हणजे फक्त १० डेसिबल कमी. कानाला तो आवाज साधारण निम्मा वाटतो, बस. गिटारचा १२ इंची स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ९७ ते १०० डेसिबल देतो. तो ७० वर आणायचा तर वॉटचा सुमारे हजारावा भाग लागेल. म्हणजे "छोटा अ‍ॅम्प घे" हा सल्ला गणितात बसत नाही.

हे सगळं गणित मी रात्री जेवताना बाबांना ऐकवलं. बाबांनी चिकलठाण्यातल्याच एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये सत्तावीस वर्षं काढली. ते शांतपणे म्हणाले, "मला तर सकाळी काही त्रास झाला नाही."

त्यांना त्रास होणार नव्हताच. आमच्या घरात टीव्ही कायम मोठ्याने असतो. बाबांना 'सात' आणि 'हात' यात गोंधळ होतो. वर्षानुवर्षं मोठा आवाज ऐकलेल्या कानाची ताकद आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जाते. स, श, फ ही अक्षरं विरतात, बोलणारा पुटपुटतोय असं वाटतं. ८५ डेसिबलला आठ तास ही कामगारासाठीची शिफारस केलेली मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० ला फक्त पंधरा मिनिटं. मी शनिवारी दोन तास वाजवत होतो. बाबांनी कान दिले ते माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी. मी कशासाठी देत होतो?

मग त्यांनीच विचारलं, "खालचा मुलगा थर्डला आहे म्हणतोस?" आणि मला एकदम आठवलं. लहानपणी बाबा नाईट करून आले की आई कुकरच लावायची नाही, पातेल्यात भात शिजवायची. दुपारी चारपर्यंत आम्ही भावंडं घरात चवड्यावर चालायचो. आमच्या घरातली रात्र सकाळी आठला सुरू व्हायची. कुठल्याच नियमात ती लिहिलेली नव्हती, आणि मी मात्र सकाळी खालच्यांना कायद्याची रात्र शिकवायला निघालो होतो, मनातल्या मनात का होईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली जाऊन भेटलो. माझ्याच वयाचा माणूस निघाला. एक अटेन्युएटर मागवला. तो अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये लावायचा, बरीचशी शक्ती तो उष्णता करून टाकतो. मात्र अ‍ॅम्पच्या ओहमशी त्याचे ओहम जुळलेच पाहिजेत, आणि स्पीकर किंवा लोड न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालवायचा नाही, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. सूर तोच येतो का? नाही. १९३३ सालीच फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलंय की हळू आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणजे माझ्या लाडक्या टोनचा थोडा भाग अ‍ॅम्पमध्ये नव्हताच, माझ्या कानात होता. आता इअरप्लग घालतो, आणि मोठ्या आवाजात वाजवायचं ते फक्त पंधरा-वीस मिनिटं.

तेही कधी, ते खालून ठरतं. दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर एका शब्दाचा मेसेज येतो. 'फर्स्ट' असेल तर शनिवारी संध्याकाळी पाचला, 'सेकंड' असेल तर दुपारनंतर बिनधास्त.

या आठवड्याचा मेसेज होता, 'थर्ड'. म्हणून तर हे सगळं लिहायला वेळ मिळाला.