माळ्यावरचा वारा

वाळवण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऊन येते. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या सारे गच्चीवर पसरायचे आणि कावळे हाकलायला घरातल्या धाकट्या पोराला काठी देऊन बसवायचे. पण औषधी पाल्याची रीत निराळी. तुळस, पुदिना, गवती चहा उन्हात घातला की हिरवा रंग उडतो आणि मागोमाग वासही. त्याला सावली हवी, आणि सावलीत वारा हवा. आमच्या वाईच्या घरातल्या माळ्यावर सावली भरपूर. वारा मात्र नावालाही नव्हता.

हा पाला मामंजींचा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून परसातली झुडपे हाच त्यांचा वर्ग. दिवाळीच्या फराळाबरोबर ओळखीच्या आठ-दहा घरी त्यांच्या पुड्या जायच्याच. एक्क्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला आणि डॉक्टरांनी शिडी बंद केली. त्याच वर्षी परतीचा पाऊस लांबला आणि माळ्यावरच्या सगळ्या जुड्यांना बुरशी आली. "बाजारात पाकिटं मिळतात, बाबा. कशाला हवा हा खटाटोप?" असे हे म्हणाले. मामंजी काहीच बोलले नाहीत. चार वाजता चहाला मात्र उठले नाहीत. चाळीस वर्षांत चहाची वेळ न चुकवलेला माणूस! मी दुसऱ्याच दिवशी गवंड्याला निरोप धाडला.

ऊब वर चढते, हे आपण सगळेच शाळेत शिकतो आणि सगळेच विसरतो. कौलांखाली तापलेली हवा आढ्याशी जाऊन बसते. तिला वाट दिली नाही, तर पाल्यातून निघालेला दमटपणा तिथेच कोंडून राहतो. म्हणून एका बाजूच्या तिकोनी भिंतीत, आढ्याच्या अगदी खाली, स्वयंपाकघरात धूर काढायला लावतात तसला पंखा बसवला. समोरच्या भिंतीत, पण तळाशी, दोन झरोके पाडून त्यांना बारीक जाळी मारली. झरोके पंख्याच्या तोंडापेक्षा मोठे ठेवले. नाहीतर पंखा नुसता ओरडतो आणि हवा कौलांच्या फटींतून धुळीसकट येते. न्हाणीघराच्या अंगाला मात्र झरोका पाडू दिला नाही. बंबाची वाफ ओढून घेऊन पाला वाळवायचा म्हणजे भिजल्या पंचाने अंग पुसायचे!

काचेच्या कौलाखाली काळे कापड ताणले. जुड्या पंख्याच्या झोतात न टांगता बाजूला, एकमेकींना न टेकतील अशा टांगल्या. झोतातली पाने वरून कुरकुरीत होतात, आणि देठ आत ओला तो ओलाच. आर्द्रता दाखवणारे एक यंत्रही आणले. आकडा साठीच्या खाली असला की मी निर्धास्त. सत्तरीकडे सरकला की बुरशीला आमंत्रण. उष्णताही चाळीस अंशांच्या आत हवी, नाहीतर ज्या सुगंधी तेलासाठी एवढी यातायात, तेच उडून जाते.

सुट्टीला आलेला भाचा हे सारे पाहून हसत सुटला. "मामी, कॅनडात लोक अशाच माळ्यावर गांजा वाळवतात!" तिथे २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडे लावायला मुभा आहे म्हणे. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने परवान्यावाचून ते झाड लावणे गुन्हा आहे. मामंजींनी चष्म्यावरून पाहिले आणि आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात, इथपासून त्याचा तासच घेतला. किती दिवसांनी त्यांचा तो शाळेतला आवाज ऐकला!

राहिली शिडी. तिच्यावर आमच्या सुताराने तोड काढली. दादराच्या वरच्या तुळईला कप्पी लावली आणि तिच्यावरून दोरी सोडली. आता मामंजी पडवीत खुर्चीवर बसून जुड्या बांधतात, आम्ही त्या वर ओढतो. वाळले की नाही, हा निकाल मात्र यंत्राचा नाही. जुडी खाली त्यांच्यापुढे यावी लागते. ते काडी कानाशी धरून मोडतात. काट्कन वाजली तर बरणीत, नुसती वाकली तर पुन्हा वर.

परवा कृष्णतुळशीची एक जुडी तीनदा खाली आली आणि तीनदा वर गेली. दोरी ओढायला हेच होते. तिसऱ्यांदा वर चढवताना घाम पुसत म्हणाले, "बाबा, उद्या किती वाजता बघायची?"