एका घरातली दोन निवेदनं

२०२४ च्या दिवाळीतली गोष्ट. चकलीची भाजणी दळून आली होती, अनारशाचं पीठ मुरत होतं, आणि मी तेल आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदारानं भाव सांगितला आणि माझा हात पर्समध्येच राहिला. महिन्या-दीड महिन्यात किलोमागं वीस-बावीस रुपयांची वाढ! घेतल्याशिवाय तर गत्यंतर नाही. तळणाचा घाणा काही पाण्यात काढता येत नाही!

संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाची बैठक होती. फराळाच्या गप्पा निघाल्या आणि गाडी तेलावर आली. "खासदारांनाच निवेदन देऊ या," कुणीतरी म्हणालं. मी लातूरच्या एका शाळेत आठवड्यातले तीन दिवस इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. त्यामुळं असला कागद लिहायची पाळी आली की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळतात. मीही मग झोकात लिहिलं, की तेलाचे भाव ताबडतोब कमी करावेत आणि हा प्रश्न लोकसभेत मांडावा. खाली सत्तावीस सह्या झाल्या. पहिली सही माझी.

भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ आला. माझं माहेर कंधार तालुक्यातलं. दरवर्षी हा तुरीची डाळ नाही तर ज्वारीचं पोतं घेऊन वाजत-गाजत येतो. यंदा गप्प गप्प होता. ओवाळलं तेव्हा त्यानं तबकात नोट ठेवली आणि खाली मान घालून म्हणाला, "अक्का, औंदा एवढंच."

मला नोटेचं काही नव्हतं हो. पण त्याचं ते मान खाली घालणं मनाला लागलं. जेवताना हळूहळू बोलता झाला. सोयाबीन आडतीवर एक्केचाळीसशे रुपये क्विंटलनं गेलं होतं. त्या वर्षीचा सरकारी हमीभाव होता ४,८९२ रुपये. "मग खरेदी केंद्रावर का नाही नेलंस?" मी विचारलं. नेलं होतं. पण काढणीच्या वेळी पाऊस झालेला. केंद्रावर बारा टक्क्यांच्या वर ओलावा चालत नव्हता, ह्याच्या मालात तो जास्त निघाला. टेम्पोचं भाडं अंगावर घेऊन माल माघारी आणला. दिवाळी तोंडावर, पोरांचे कपडे, खताच्या दुकानदाराची उधारी. वाळवत बसायला सवड कुणाला?

टेबलावर मंडळाचं निवेदन पडलं होतं. त्यानं ते उचलून वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्याच्यावर पहिली सही तुझी हाय व्हय?"

मग त्यानं मला जे सांगितलं ते मी बी. ए. असून, नागरिकशास्त्राची बाई असून मला माहीत नव्हतं. आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. ते स्वस्तात येऊ दिलं की इथल्या सोयाबीनला कुणी विचारत नाही. म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं आयातशुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर साडेपाच टक्के होतं ते साडेसत्तावीस झालं, रिफाइंडवर पावणेचौदाचं पावणेछत्तीस झालं. माझ्या तेलाच्या पिशवीवर चढलेले रुपये बरेचसे तिथून आले होते.

"एवढं करून बी आमचा माल हमीभावाला टेकला नाही," तो म्हणाला. "आन तू म्हणतीस, ते बी काढून टाका."

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. सासूबाई जपमाळ घेऊन आत गेल्या. मला काही उत्तर सुचलं नाही.

त्या रात्री झोप आली नाही. मनात एकच विचार घोळत होता. कंधार-लोहा हा भाग जिल्ह्यानं नांदेडचा, पण लोकसभेला तो लातूर मतदारसंघात येतो. म्हणजे माझा आणि माझ्या भावाचा खासदार एकच! उद्या बहिणीचं निवेदन म्हणणार तेल स्वस्त करा, भावाचं म्हणणार सोयाबीनला भाव द्या. त्या माणसानं दिल्लीत जाऊन कोणतं मांडायचं? त्यातून आम्ही शहरातल्या. रिक्षानं दहा मिनिटांत कार्यालयात पोचणार, फोटो काढून घेणार. भावाला मात्र रास सोडून लातूरला यायचं म्हणजे एक दिवस मोडणार. जो कागद आधी पोचतो आणि वारंवार पोचतो, त्याचंच बोलणं आधी होतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

तुम्ही म्हणाल, बाई, पोळपाट-लाटणं सोडून लोकसभेचं काय घेऊन बसलात? पण आपल्या भागाला हे परकं नाही. कंधारचे केशवराव धोंडगे, ज्यांना सगळा मुलूख मन्याडचा वाघ म्हणायचा, ते १९७७ साली नांदेडहून लोकसभेवर गेले होते. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्याच काळात, डिसेंबर १९९४ पासून, प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर थेट दिसू लागला. बायकांचंच म्हणाल तर १९९१ साली नांदेडहून सूर्यकांता पाटील निवडून आल्या. पुढं २००४ मध्ये त्या केंद्रात ग्रामविकास खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. त्याच २००४ साली लातूरहून रूपाताई पाटील निलंगेकर खुद्द चाकूरकरांना हरवून दिल्लीला गेल्या. तेव्हा हे काम आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं म्हणायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेचं पुस्तक आणि आणखी दोन-चार पुस्तकं काढून बसले. दहा वर्षं मुलांकडून घोकून घेतलेलं सगळं पहिल्यांदाच आपल्या कामासाठी वाचलं. थोडक्यात सांगते, तुम्हालाही कधी उपयोगी पडेल.

अधिवेशनात सकाळी अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास असतो. खासदारानं निदान पंधरा दिवस आधी प्रश्न लेखी द्यायचा. आलेल्या ढिगातून चिठ्ठ्या टाकून निवड होते. दिवसाला वीस प्रश्न तारांकित असतात. त्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर उलट उपप्रश्न विचारता येतात. त्या वीसांतलेही मोजकेच तासाभरात निघतात. दोनशे तीस प्रश्न अतारांकित असतात, त्यांची उत्तरं छापील मिळतात. अगदी तातडीचं असेल तर शून्य प्रहर. तिथं दोन-तीन मिनिटांत काय ते सांगून मोकळं व्हायचं. शिवाय नियम ३७७ आहे. त्याखाली आपल्या मतदारसंघाची एखादी अडचण अडीचशे शब्दांच्या आत मांडता येते आणि मंत्र्यांकडून पुढं लेखी उत्तर येतं. मराठीतही बोलता येतं, फक्त आधी कळवावं लागतं. आणि "माहिती गोळा केली जात आहे" एवढंच उत्तर मंत्र्यांनी दिलं, तरी ते आश्वासन धरलं जातं. ते पाळलं की नाही हे बघायला सभागृहाची वेगळी समिती आहे.

दुसरी गोष्ट, कुठलं गाऱ्हाणं कुठं न्यायचं. हातपंप बंद पडला तर ग्रामपंचायत. धरणाचं पाणी कुणाला किती, हा राज्याचा विषय, तो आमदारानं विधानसभेत काढायचा. पण रेल्वे, हमीभाव आणि आयातशुल्क हे दिल्लीचे विषय. म्हणजे माझं तेल आणि भावाचं सोयाबीन, दोन्ही प्रश्नांचा पत्ता बरोबर होता. चुकलं होतं ते माझं लिहिणं. "ताबडतोब भाव कमी करा" ही मागणी झाली. तिचा प्रश्न करायचा तर आकडा हवा, तारीख हवी, ठिकाण हवं. नाही तर मंत्री एका ओळीत वाटेला लावतात.

मी नवा कागद घेतला. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत हमीभावासाठी किती शेतकऱ्यांनी नाव नोंदवलं? त्यांतल्या किती जणांचा माल प्रत्यक्ष घेतला? ओलाव्यापायी किती माघारी गेले? शुल्क वाढलं तेव्हा तेल लगेच महागलं, मग सोयाबीन का चढलं नाही, मधला पैसा कुठं गेला? आणि शुल्क वाढवायचं की उतरवायचं हे पेरणीच्या आधी सांगता येईल का? भावाला फोन करून आडतीची पट्टी आणि टेम्पोची पावती यांचे फोटो मागवले. ते जोडले.

आता खरी परीक्षा होती मंडळात. मी दोन्ही कागद पुढं ठेवले आणि घडलं ते सगळं सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग डबे करून घर चालवणाऱ्या आमच्या एक बाई म्हणाल्या, "तुमचा भाऊ शेतकरी आहे, वहिनी. माझं कुणी नाही शेतात. मला महिन्याला दोन डबे तेल लागतं. मी जेवणाच्या डब्याचा भाव वाढवला तर पोरं दुसरीकडं जातील. मी कशाला सही करू?"

खरं सांगते, ती चुकत होती असं मला आजही म्हणवत नाही. म्हणून मी तिच्यासमोर बसूनच आणखी एक ओळ घातली, की शेतकऱ्याला भाव द्यायचा तर त्याचा भार डबेवालीवर आणि रोजंदारीवाल्यांवर पडू नये, यासाठी सरकार काय करणार? ही ओळ वाचून तिनं सही केली. बाकीच्या सगळ्यांनी केली असं नाही. सत्तावीसांतल्या अकरा जणींनी केली. जुना कागद मी फाडला, नवा नेऊन दिला आणि पोच घेतली.

पुढं काय झालं, विचाराल. १५ नोव्हेंबरला केंद्रानं ओलाव्याची अट बारावरून पंधरा टक्क्यांवर नेली. आमच्या निवेदनामुळं नव्हे हं! मराठवाडाभर ओरड होती आणि विधानसभेची निवडणूक पाच दिवसांवर होती. माझ्या भावाचा माल तोवर विकून झाला होता. मे २०२५ च्या अखेरीला, पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा उतरून साडेसोळा टक्क्यांवर आलं. आमच्या गल्लीत आनंद झाला. मी तेल घेतलं, पण त्या दिवशी माहेरी फोन करायचा धीर झाला नाही. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, आणि सप्टेंबरात अतिवृष्टीनं आमच्या मराठवाड्यातली शिवारंच्या शिवारं पाण्याखाली गेली.

तेव्हा एका कागदानं जग बदलतं असं मी सांगणार नाही. एवढंच सांगेन, की आपल्या पुढं सहीसाठी कागद आला की घाईनं पेन उचलू नका. आपल्याला जे स्वस्त हवं आहे ते पिकवणारा कोण, हे आधी विचारा. तो बहुतेक आपल्याच नात्यातला निघेल. आणि गावाकडच्या माणसाला लिहायला सवड नसेल तर त्याचं म्हणणं आपण लिहून द्यावं. खासदार कुठल्याही पक्षाचा असो, त्याच्या हातात नेमका आकडा असेल तरच तो उपप्रश्न विचारू शकतो. तो आकडा दिल्लीत तयार होत नाही. तो आडतीच्या पट्टीवर असतो, रेशनच्या रांगेत असतो आणि आपल्या किराणा-हिशेबाच्या वहीत असतो.

२०२५ च्या भाऊबीजेला भाऊ आला तो रिकाम्या हातानंच. शेतात गुडघाभर पाणी साचून गेलेलं. ओवाळून झाल्यावर त्यानं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं पाकीट काढलं. आत पंचनाम्याची प्रत, पीकविम्याची पावती, पाणी कुठल्या तारखेला शिरलं आणि कधी ओसरलं, सगळं त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात टिपलेलं.

"अक्का, हे घे," तो म्हणाला. "नीट लिहून दे. आन डबेवाल्या बाईला बी विचार, तिचं काय घालायचं हाय का."