हौद्यातला दिवा

(द्वितीय वर्ष, कला)

वारीवर लिहायचे म्हणजे टाळ-मृदंगावर लिहावे, बेलवाडीच्या रिंगणात धावणाऱ्या अश्वावर लिहावे, काटेवाडीत परीट समाजाने अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्यांवर लिहावे, अशी रीत आहे. मी मात्र लिहिणार आहे ती एका ट्रकवर, आणि त्यातही त्याच्या हौद्यातल्या चार दिव्यांवर! वाचकहो, हसू नका. ज्या दिंडीला ट्रक नाही तिला दुपारी जेवण नाही आणि रात्री निवारा नाही. पण त्या बिचाऱ्यावर अभंग कोण रचणार?

हा ट्रक माझ्या चुलत्यांचा. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. हंगामात तो भवानीनगरच्या कारखान्याला ऊस वाहतो. गाळप संपले की थोडे दिवस कांदा, मका, काय मिळेल ते. आणि ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघाली की आमच्या गावच्या दिंडीचे सामान. हौद्यावर लोखंडी कमानी, कमानींवर ताडपत्री, आत एका बाजूला शिधा, पातेली, शेगड्या, राहुट्यांचे खांब. दुसऱ्या बाजूला वळकट्या. पाऊस नसला की माणसे राहुट्यांत झोपतात. पाऊस लागला आणि राहुटीत पाणी शिरले, की म्हाताऱ्या बायकांना हौद्यात घ्यायचे. मग पंधरा-वीस जणी त्या पोत्यांच्या आणि पातेल्यांच्या गर्दीत अंग आखडून झोपतात. लुगडे बदलायचे तेही तिथेच, औषधाची गोळी शोधायची तीही तिथेच. म्हणजे वारीचे अठरा-एकोणीस दिवस तो हौदा हेच त्यांचे घर.

या घरात माझ्या आजीचा मान मोठा. तिने बैलगाड्यांची दिंडी पाहिलेली आहे. गाडीच्या खाली ओगल्यांचा प्रभाकर कंदील टांगलेला असे आणि त्याच्या उजेडात चालणाऱ्याला बैलांच्या पायांच्या लांबच लांब सावल्या दिसत, असे ती सांगते. कंदील गेला, गॅसबत्ती आली. गॅसबत्ती गेली आणि हौद्यात बॅटरीवरचे पिवळे बल्ब आले. 2015 साली सरकारची उजाला योजना आली तेव्हा आमच्या घरातले सगळे बल्ब बदलून एल. ई. डी. झाले. ट्रकमधले मात्र तसेच राहिले. ट्रक काही कोणी घर म्हणून मोजत नाही ना!

2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी कोरोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस. टी. बसने पंढरपूरला गेल्या आणि आमचा ट्रक फारसा हललाच नाही. 2022 साली वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा माणसांच्या अंगात दोन वर्षांचा उत्साह साठला होता; पण ट्रकच्या बॅटऱ्यांत काहीच साठले नव्हते, हे आम्हाला सणसरच्या मुक्कामी कळले. रात्रभर पाऊस होता, बायका हौद्यात होत्या आणि चारही बल्ब पहाटेपर्यंत चालू होते. पहाटे तात्यांनी सेल मारला. ट्रकने नुसते ‘टक्’ केले आणि गप्प बसला. मग वीस-पंचवीस वारकरी चिखलात पाय रोवून ‘पुंडलिक वरदा’च्या गजरात धक्का मारू लागले. ट्रक सुरू झाला. पण तोवर दिंडी बेलवाडीच्या वाटेला लागली होती. त्या दिवशी आमच्या माणसांनी रिंगण उपाशीपोटी पाहिले.

तेव्हापासून नियम झाला, की रात्री नऊनंतर हौद्यात दिवा नाही. आणि नियमाची राखणदार कोण? तर मी! बटण माझ्या उशाशी होते. 2023 साली मी अकरावीची परीक्षा देऊन वारीला गेले होते आणि मला या अधिकाराचा भलताच अभिमान वाटत होता. निमगाव केतकीच्या मुक्कामी पावसाने पुन्हा गाठले. मी नऊला बटण दाबले. अंधारातून आजी म्हणाली, “आगं, फाळक्यापाशी येक तरी राहू दे की. रातचं उठावं लागतं मला.”

मी म्हटले, “आजी, बॅटरी उतरते. सकाळी धक्का कोण मारणार?”

ती काही बोलली नाही. मला लगेच झोप लागली. पहाटे कधीतरी धप्प असा आवाज झाला आणि पाठोपाठ भांडे घरंगळल्याचा. आजी फाळक्यावरून खाली उतरताना पाय चुकून चिखलात पडली होती. उजवे मनगट मोडले. तिची वारी तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी तिला गावी नेले. आणि लिहायला लाज वाटते, पण लिहिते — त्या रात्री माझा मोबाइल ट्रकच्या त्याच बॅटरीवर चार्ज होत होता. तो माझ्या हिशेबात धरलाच नव्हता.

घरी कोणीही मला बोलले नाही. कोणी बोलले असते तर बरे झाले असते.

बारामतीत ट्रकची वायरिंग करणारे एक मामा आहेत. तात्यांचे जुने ओळखीचे. हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेले आणि झालेली सगळी हकीकत सांगितली. त्यांनी बॅटरीची पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. मोठ्या ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट करतात. पण आमचे बल्ब होते 12 व्होल्टचे. म्हणून कोणा हुशाराने दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढली होती.

“पोरी, जोडीतला एकच बैल राबवलाय तुम्ही,” मामा म्हणाले. “दुसरा दावणीला उभा.” इंजिन चालू झाले की दोघींना चार्जिंग सारखेच मिळते. राबलेली उपाशी राहते आणि बसलेलीला अजीर्ण होऊन तिचे पाणी आटते. दोन वर्षांत दोन्ही निकामी!

मग मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. कला शाखेच्या मुलीने गणित मांडावे याचे माझ्या मैत्रिणींना फार हसू आले. पण गणित सोपे होते. 21 वॉटचे चार बल्ब म्हणजे 84 वॉट. 12 व्होल्टवर 7 अँपिअर. रात्री आठ ते पहाटे चार, आठ तास, म्हणजे 56 अँपिअर-तास, एकाच बॅटरीतून. आमची बॅटरी 100ची. नवी असतानाच निम्म्याहून जास्त जाणार, तर जुनीचे काय! याउलट 3 वॉटचे चार एल. ई. डी. दिवे 24 व्होल्टवर लावले तर सगळे मिळून अर्धा अँपिअर. आठ तासांचे अवघे 4. तेही दोन्ही बॅटऱ्यांतून सारखे. चार! मी ते उत्तर तीनदा तपासून पाहिले. एवढ्याशा आकड्यासाठी आजीचे मनगट मोडले होते.

गणित बरोबर आले म्हणून काम बरोबर येते असे नाही. मी बाजारातून घाईने एक दिव्यांची पट्टी आणली आणि मामांची वाट न पाहता जोडली. क्षणभर लख्ख उजेड, मग जळका वास. पट्टी 12 व्होल्टची होती. दुसऱ्या वेळी 24चे दिवे आणले तर ते पेटेचनात. मी दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मामांनी येऊन फक्त दोन वायरींची अदलाबदल केली आणि दिवा लागला. जुन्या बल्बला वीज कोणत्याही बाजूने चालते. यातल्या पुष्कळ दिव्यांना सुलटीच लागते. इंजिन चालू असताना ट्रकचा दाब 28 व्होल्टच्या आसपास चढतो, तो सोसेल असाच दिवा घ्यावा, बॅटरीपाशी फ्यूज हवाच, आणि कमानीला घासून वायर सोलू नये म्हणून ती नळीतून न्यावी — हे सगळे मी त्या दोन दिवसांत शिकले. तीन दिवे कमानींना लागले. चौथा फाळक्यावर, त्याचे बटण वेगळे आणि खाली उभ्या माणसाचाही हात पोचेल असे.

संध्याकाळी मोठ्या ऐटीत मी आजीला हौद्यात नेले आणि बटण दाबले. आजीने डोळ्यांवर हात धरला.

“ह्यो दिवा हाय का इजंचा लोळ? दवाखान्यात निजल्यागत वाटतंय मला.”

तिचे हाडवैद्य, प्लॅस्टर, दवाखाना सगळे नुकतेच झालेले. मी हिरमुसले. पुढे ग्रंथालयात वाचले तेव्हा आजीचे म्हणणे पटले. लाल एल. ई. डी. 1962 सालीच झाला होता. पण निळा काही केल्या जमत नव्हता. तो जपानी संशोधकांनी 1990च्या सुमारास जमवला आणि त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले. आपला पांढरा दिवा बहुधा आतून निळाच असतो. त्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो पांढरा दिसतो. लेपाचा रंग बदलला की उजेड उबदार, कंदिलासारखा होतो. निळसर उजेडावर पावसाळी किडेही जास्त येतात. मी चारही दिवे बदलून पिवळसर आणले. आजीने पाहिले आणि एवढेच म्हणाली, “आता बरं हाय.”

2024च्या वारीत आजी बारामतीपासून आमच्यात आली. शारदा प्रांगणात पालखीचे दर्शन घेतले आणि ट्रकच्या केबिनमध्ये तात्यांच्या शेजारी बसली. आयुष्यभर चाललेली बाई. बसून वारी करताना तिचा चेहरा कसनुसा झाला होता. चालणे तिचे आता सुटले आहे. ते माझ्या दिव्यांनी परत येणार नव्हते.

सराटीच्या मुक्कामी पावसाची भुरभुर होती. हौदा भरलेला. फाळक्यावरचा दिवा रात्रभर चालू ठेवला होता. अडीच-तीनच्या सुमाराला आजी उठली. मला जाग होतीच. त्या दिवसांत मला तिच्या हालचालीने जाग येई. मी उठणार होते, पण उठले नाही. कमानीला धरत ती फाळक्यापाशी गेली. पायरी पाहिली, लुगडे सावरले आणि एकेक पाय टाकत एकटी खाली उतरली. थोड्या वेळाने तशीच वर आली. मग तिने आपला उजवा हात दिव्यापाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मनगट अजून थंडीत दुखते.

“काय झालं, आजी?” मी न राहवून विचारले.

“काय न्हाय. मागल्या दिव्यावर हात शेकत हुते मी. ह्यो काय तापतच न्हाय.” आणि वळकटीवर टेकत म्हणाली, “असू दे. दिसतंय तर समदं. नीज तू.”

सकाळी नीरेत पादुकांचे स्नान झाले आणि पालखी पुलावरून अकलूजच्या वाटेला लागली. तात्यांनी पहिल्याच वेळी सेल मारला आणि ट्रक सुरू झाला. धक्का मारायला आलेली दोन-चार मंडळी हात झटकत दिंडीत गेली. दिव्यांबद्दल कोणी काही म्हणाले नाही, आणि कोणाच्या लक्षात यावे असे त्यांत काही नव्हतेही. मी मात्र पुढच्या मुक्कामी, तिन्हीसांजेच्या आधी, आजीच्या उशाशी गरम पाण्याची बाटली ठेवायची असे मनाशी ठरवले. काही कामे अजून दिव्याची नाहीत; ती आपलीच आहेत.