इंदूरच्या गल्लीतील साखळी

राजवाड्याचे सात मजले न्याहाळून आम्ही इंदूरच्या वसाहतींकडे वळलो. घरे दाटीची, गल्ल्या चिंचोळ्या. फिरावयास निघालेली दोन कुत्री समोरासमोर आली म्हणजे एकाच्या धन्याने मागे फिरावे, एवढाच उपाय. कृष्णबाग वसाहतीत ऑगस्ट २०२३ मधील एका रात्री तसे झाले नाही. पाळीव कुत्र्यांच्या भांडणावरून माणसांची बाचाबाची झाली आणि बँकेच्या एका पहारेकऱ्याने घराच्या वरच्या मजल्यावरून गोळ्या झाडल्या. दोघे मरण पावले, सहा जण जखमी झाले. मुकी जनावरे ते भांडण घटकाभरात विसरली असती!

साखळी हवीच. माणसांच्या जिवास धोका होईल असा हलगर्जीपणा करणाऱ्या धन्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. परंतु प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे हाही गुन्हाच ठरविला आहे. हे फार थोड्यांस ठाऊक असते. आपल्या खेड्यातला मोत्या रात्री सुटतो, शेते पालथी घालतो. इंदूरच्या गल्लीतल्याने धावावे कोठे? त्याच्यासाठी वसाहतीजवळ कुंपणाचे मैदान हवे, तेही दुहेरी फाटकाचे. एक लागल्यावाचून दुसरे उघडू नये. तेथे घटकाभर मोकळा धावलेला कुत्रा परतताना साखळीला फारसे हिसके देत नाही.