गोधडीचं ओझं

अक्काच्या साड्यांच्या तीन गोधड्या मी शिवायला घेतल्यात, हे एव्हाना नात्यात सगळ्यांना कळलंय. तिच्या तिन्ही लेकींना एकेक. "मावशी, बाहेर शिवायला टाकू या का? तुझा खांदा..." असं धाकटीने दोनदा विचारून पाहिलं. पैसे घेऊन शिवून देणाऱ्या बायका आहेत, कामही सुरेख करतात. पण अक्काच्या साड्यांना परक्याची कात्री लागू द्यायची नाही, एवढं माझं पक्कं होतं. प्रश्न उरला वजनाचा!

वजन म्हणजे खरंखुरं वजन हं. पहिली गोधडी डबलबेडची, ९० बाय १०० इंच, सुती साड्यांचे पाच थर. काट्यावर ठेवली तर सव्वातीन किलो भरली.

आमची आई गोधडी हाताने शिवायची. जमिनीवर पसरून तिच्यावरच बसायची आणि कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे सरकायची. म्हणजे गोधडी जागच्या जागी, हलायची ती बाई. मशीनवर सगळं उलटं. सुई एका जागी आणि हलायचं गोधडीने! पण माझे गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत, तेव्हा मशीनला पर्याय नाही.

मशीनचे खालचे दाते कापड पलीकडे सरकवतात खरे, पण त्यांचा जीव तो केवढा! गोधडीचं एक टोक टेबलावरून लोंबलं, की ते सगळं ओझं सुईपाशी ओढ घेतं. टाके लहान-मोठे पडतात. ओढ वाढली की सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि कट्कन मोडते. शिवणारी मग हातांनी रेटायला लागते, आणि तो सगळा जोर येतो खांद्यातून. फिजिओथेरपीवाल्या मुलीने मला नेमकं तेच बंद करायला सांगितलंय.

म्हणून गोधडीचं वजन टेबलांवर सोपवलं. माझं मशीन पायाचं, १९७४ सालचं. ते फळीत सपाट बसतं, हा त्याचा मोठा गुण. त्याच्या मागे जेवणाचं टेबल, तेही भिंतीला टेकवून, म्हणजे गोधडी पलीकडे कोसळायला नको. डावीकडे इस्त्रीचं टेबल, उंची मशीनबरोबर करून. दोन्हींवर गुळगुळीत प्लास्टिक अंथरलं. त्यावरून गोधडी आपोआप घसरते. (जेवण सध्या ताटं मांडीवर घेऊन. ह्यांची कुरकुर चालू आहे.)

उजवीकडची अडचण वेगळी. सुई आणि मशीनचा खांब यांच्यामध्ये जागा जेमतेम वीतभर, त्यातून अर्धी गोधडी जायची. म्हणून थर आधी कच्च्या टाक्यांनी नीट जखडायचे आणि शिवण मध्यापासून कडेकडे न्यायची. आईच्या अगदी उलट! कडेकडे जावं तसा खांबाखालचा गठ्ठा कमी होत जातो. अर्धी झाली की गोधडी फिरवून घ्यायची.

गुंडाळी मात्र घट्ट नको, तिचा लोड होतो आणि वळता वळत नाही. त्यापेक्षा निऱ्यांसारख्या सैल घड्या घालाव्यात. सुईभोवतीचं तळहाताएवढं कापड सैल आणि सपाट असलं की पुरे, बाकीची गोधडी कशी का पडेना. ते कापड ताणायला लागलं की थांबायचं, सुई कापडात रुतलेली ठेवायची, मांडीवरचा ढीग उचलून वर घ्यायचा आणि पुन्हा पाय चालवायचा. दर तीन-चार वितींना हे करावं लागतं. वेळ जातो, जाऊ दे. वीस मिनिटं झाली की मी उठतेच.

पहिली पुरी झाली आणि धाकटीकडे गेलीसुद्धा. खांदा अजून तरी गप्प आहे. दुसरीत ती जांभळी इरकल येणार, माझ्या निवृत्तीच्या समारंभाला अक्का नेसून आली होती ती. पोपटी चौकडीची साडी मात्र उरलेल्या दोघींनाही हवी आहे. तिचे दोन तुकडे करावे लागतील. कात्री अजून लावलेली नाही.