माळावर गाडीतून उतरू नका

लोकांना पक्षी दाखवत हिंडणं हा माझा धंदा. ऐकणाऱ्याला वाटतं, याची नजर घारीसारखी असणार. नजर काय, सवयीनं तयार होते. अवघड आहे ते दुसरंच. दहा-बारा माणसं, त्यांच्या दुर्बिणी, लेन्सा आणि एखादा भडक पिवळा टी-शर्ट एवढा लवाजमा घेऊन पक्ष्याच्या किती जवळ जायचं, हे ओळखणं. शिवाय ते अंतर जागोजागी बदलतं.

भिगवणला ते त्यातल्या त्यात सोपं. उजनीचं पाणी ओसरू लागलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि रोहित पक्षी उथळात उतरतात. पावसाळा दणकून झाला असेल तर पाणी हटत नाही, मग रोहितही लांबतात. म्हणून ‘कधी येऊ?’ असा फोन आला की मी तारखेऐवजी धरणाच्या पाण्याबद्दलच बोलतो. होडीवाले दादा मासेमारीत वाढलेले. त्यांना एवढंच सांगायचं, ऊन पाठीशी राहू द्या. थवा मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत असतो तोवर ठीक. एकेक मान वर येऊ लागली आणि सगळे एकाच दिशेनं चालू लागले, की दादा मी सांगायच्या आत होडी थांबवतात. मागून हमखास कुणीतरी म्हणतं, “जरा उडवा ना, पंखातला लाल रंग दिसेल.” जेवत्या पाहुण्याला पानावरून उठवायचं का, असं मी विचारतो. बहुतेकांना ते पटतं.

माझा स्वतःचा जीव मात्र माळावर रमतो. सासवड-सुप्याकडचा किंवा सोलापूरजवळचा नान्नजचा माळ पहिल्यांदा बघणारी मंडळी गाडीत एकदम गप्प होतात. इथे बघायचं काय? खुरटं गवत, मुरूम, दगडगोटे. कागदोपत्रीही अशा जमिनीला पडीकच म्हणतात. मी गाडी थांबवून इंजिन बंद करायला सांगतो. थोड्या वेळानं एक ढेकूळ चार पावलं पळतं आणि ताठ उभं राहतं. तो धाविक. विटकरी छाती, डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली पांढरी पट्टी, तिच्याखाली काळी, आणि लांब पांढुरके पाय. पळायचं, थबकायचं, वाकून किडा टिपायचा, पुन्हा पळायचं. थबकला की डोळ्यांदेखत मातीत विरघळतो. शेजारच्या काकांना दाखवेपर्यंत गायब, आणि काका म्हणतात, “कुठाय हो?”

इथे गाडी हाच आडोसा. गाडीला पक्षी फारसे बुजत नाहीत, पण दोन पायांवर उभा माणूस दिसला की संपलं. दुसरं कारण याहून मोठं. धाविक घरटं असं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. त्यांचा रंग आजूबाजूच्या खड्यांसारखाच, ठिपक्या-ठिपक्यांचा. उन्हाळ्यात माळावर मोकळं चालणं म्हणजे डोळे मिटून पाय टाकणं. त्या दिवसांत मी कुणालाच खाली उतरू देत नाही. फोटो खिडकीतून, पाय आखडले तर डांबरी रस्त्यावर जाऊन मोकळे करायचे.

थंडीत याच गवतात भोवत्या संध्याकाळी थव्यानं जमिनीवर झोपायला उतरतात. मध्य आशियातून आलेले हे शिकारी पक्षी झाडावर नाही, गवतात रात्र काढतात. आणि आपल्याकडे वृक्षारोपणाची मोहीम निघाली की खड्डे पहिले माळावरच पडतात! गवताचा माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल, हा समज काही केल्या जात नाही. सहलीत भाषण नको असं मी ठरवलेलं असतं, पण इथे तोंड उघडतंच.

आंबोलीसारख्या जंगलात सगळा कारभार कानांचा. पावसात शीळकरी कस्तूर पहाटे अंधारातच गाऊ लागतो. तेव्हा टॉर्च बंद ठेवायला लावायचं आणि गप्प बसायचं, एवढंच माझं काम.

कोकणात पावसाळ्यात तिबोटी खंड्या येतो आणि माझी खरी परीक्षा सुरू होते. मुठीत मावेल एवढा पक्षी, ओढ्याकाठच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. पिल्लांसाठी चोचीत पाल, खेकडा, बेडूक घेऊन येतो आणि तोच फोटो सगळ्यांना हवा असतो. त्यासाठी बिळासमोर फांदी रोवायची, कॅमेऱ्यांची रांग लावायची, मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवायचा. तिकडे घास घेऊन आलेला पक्षी लांबच्या फांदीवर ताटकळतो, बिळात जात नाही. मी विणीच्या बिळाकडे गट नेत नाही. पैसे जास्त देतो म्हणणारे असतात, आणि “अमुक गाइड नेतो की” असं सुनावणारेही. त्यांना मी वाईट वाटून न घेता सांगतो, मग त्याच्याबरोबर जा. काही जातात. जे राहतात त्यांना ओढ्यापासून लांब, छत्रीखाली बसवतो आणि खंड्या आपणहून समोरून जाईल तेवढाच दाखवतो.