बाळाच्या वाकळेची हकीकत

वडूज, ता. खटाव

चि. सोनूस,


बाळासाठी पाठवलेल्या लहान वाकळेत ते जांभळं कापड कुठलं, असं तू ब्रिटनहून फोनवर विचारलंस. जावईबापूंना ती जुनीपुराणी वाटली आणि तुला एकदम पर्यावरणपूरक. दोघांचंही थोडंथोडं खरं आहे.

जांभळं कापड तुझ्या आजीच्या इरकली लुगड्याचं. आत आजोबांचं धोतर. तुझे बाबा, मी, धाकटा काका, सगळे याच वाकळेत गुंडाळले गेलो. वरचा थर विरला की घरातलंच दुसरं जुनेर चढवून आजी पुन्हा धावदोरा घालायची. त्यामुळे मूळची वाकळ आता त्यात किती उरलीय, देव जाणे.

तान्ह्याला कोरं कापड घालत नसत. खळ असते, टोचतं. टोपरं, झबलं, दुपटं आधी कुणाच्या तरी घरून यायचं, आणि तेही ज्या घरातलं पोर धडधाकट त्या घरातून. या चालीला कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं. खटाव-माण हा पर्जन्यछायेतला मुलूख. १९७२ च्या दुष्काळात बायका खडी फोडायला जात होत्या, तिथं बाळासाठी नवं कापड कोण घेणार? गरज होती म्हणून काटकसर होती.

आणि ती काटकसर चालायची बायकांच्या हातांवर. लंगोटांचे ढीग कुणी धुतले? घट बसायच्या आधी घरभरच्या वाकळा येरळेवर नेऊन कुणी बडवल्या? आजोबांनी नक्कीच नाही. म्हणून ‘पूर्वीच्या आया बघा कशा करायच्या’ असं कुणी तुला ऐकवलं, तर मनाला लावून घेऊ नकोस.

आता इथं औषधाच्या दुकानात डायपरच्या पुड्यांची थप्पी असते. पहिलंच मूल, बहुधा एकुलतंच राहणार, मग सगळं नवं हवं. दुसऱ्याचं उतरलेलं घातलं तर लोक काय म्हणतील, ही धास्ती जास्त. गंमत अशी की पुण्यात नोकरी करणारी जोडपी हौसेनं बटणांचे कापडी डायपर मागवतात, वापरलेला पाळणा मोबाइलवर शोधतात. नवं घ्यायची ऐपत असली की जुनं मिरवता येतं. नसली की तेच लपवावंसं वाटतं. मला इथल्या पोरींचा राग येत नाही.

डायपरचं मात्र तुला नीट सांगते, कारण तू फार जिवाला लावून घेतलंयस. तुमच्या ब्रिटनच्याच पर्यावरण खात्यानं २००८ मध्ये हिशेब मांडला होता. अडीच वर्षांत एका बाळामागे फेकायच्या डायपरचा कार्बनचा बोजा साधारण ५५० किलो आणि कापडी लंगोटांचा ५७०! म्हणजे नुसतं कापड घेतलं की झालं, असं नाही. पण मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलालाही वापरले, तर तो बोजा सुमारे २०० किलोनं उतरतो. ड्रायरमध्ये वाळवलं की गणित उलटतं. आपल्याकडं ऊन फुकट आहे, उन्हाळ्यात अडतं ते पाण्यावर. कृष्णेचं पाणी जिहे-कठापूर योजनेनं या भागाकडं उचलून आणलंय खरं, तरी चैत्र-वैशाखात घागर मोजूनच वापरायची सवय सुटत नाही. तेव्हा एखाद्या बाळंतिणीनं रात्रीपुरता डायपर लावला तर मी तिला नावं ठेवणार नाही.

फक्त तो उकिरड्यावर भिरकावू नये. २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर गुंडाळायची पिशवी कंपनीनं द्यावी, असं लिहिलं होतं. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक बायकांसाठी अशा पुडक्यांवर लाल ठिपका काढायची मोहीम झाली, म्हणजे उघडायच्या आधीच त्यांना कळावं आत काय आहे. एवढं तरी गावोगाव व्हायला हरकत नाही.

तर लंगोट वापर नाहीतर डायपर, पण ड्रायर बंद ठेव आणि जावईबापूंनाही धुवायला लाव. मुख्य म्हणजे दर महिन्याला नवे कपडे घेणं थांबव. तेवढ्यात पोर त्यातून वाढून बाहेर पडतं.

आणि इकडं येणाऱ्यांबरोबर नवीन काही पाठवू नकोस. तुझ्या बाळाला तोकडे झालेले कपडे तेवढे धुऊन पाठव. तुझ्या धाकट्या वहिनीचे मार्गशीर्षात दिवस भरतात.

तुझी,
आत्या